अंतःस्तराची साक्ष

समाजाची रचना जशी आहे तशीच ती असावयास हवी असे ज्यांना सिद्ध करावयाचे असते, त्यांनी फार प्राचीन काळापासून मनुष्यदेहाला साक्षीदार म्हणून उभे केले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नव्वदाव्या सूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंतच्या अवयवांशी चार वर्णांचा संबंध जोडला गेला. रोमच्या इतिहासात लिव्हीने मेनेनियस अग्रिपाची जी कथा दिली आहे, तीत रुसून नगराबाहेर जाऊन बसलेल्या सामान्य जनांना, पोटाशी असहकार करणारे हातपाय स्वतःच कसे क्षीण झाले हे ऐकवून परत आणले गेले. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने ख्रिस्ती मंडळीला एकाच देहाचे अवयव म्हटले. तिघांचे हेतू एक नव्हते. पौलाला दुर्बळ अवयवाचा मान वाढवावयाचा होता, अग्रिपाला संप मोडावयाचा होता, आणि सूक्तकाराच्या मनात यज्ञाचे रूपक होते. त्या रूपकाचा पुढे कायदा झाला हा दोष त्याच्या माथी मारणे कदाचित अन्यायाचे होईल. परंतु तिन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे: डोळा तो डोळाच, पाय तो पायच, आणि ज्याचे त्याचे काम त्याच्या जन्मस्वभावातच लिहून ठेवलेले. गीतेच्या तिसऱ्या व अठराव्या अध्यायांतील स्वधर्माचा उपदेश समजावून सांगताना आपल्याकडील प्रवचनकारांनीही देहाचा हाच दाखला पुनःपुन्हा दिला, आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. कारण आपल्या पायाने विचार करावा किंवा डोक्यावर चालावे असे सहसा कोणास वाटत नाही.

ह्या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र फारशी कोणी केली नाही. ती येथे करावयाची आहे, आणि त्यासाठी देहातील असा एक घटक निवडला आहे की जो जवळजवळ सर्व अवयवांत आहे, परंतु ज्याला एकाही अवयवाचे नाव नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस पेशींचा जो एकेरी थर असतो, ज्याला शरीरशास्त्रज्ञ अंतःस्तर म्हणतात, तो हा घटक होय.

विल्यम हार्वे ह्याने १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या ग्रंथात रक्त हृदयापासून निघून हृदयाकडेच परतते हे सिद्ध केले, तथापि हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्यांतून ते हृदयाकडे आणणाऱ्या नीलांत कोणत्या वाटेने जाते, हे त्याच्या दृष्टीस पडले नव्हते. वाट असलीच पाहिजे, एवढे त्याने अनुमानाने ठरविले होते. (आपल्या नैयायिकांना हा मनुष्य आवडला असता.) तेहेतीस वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो मालपिघी ह्याला बेडकाच्या फुप्फुसात त्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या आणि अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळाली. बाझेलच्या विल्हेल्म हिस ह्याने १८६५ साली त्यांच्या अस्तराला स्वतंत्र नाव दिले. परंतु नाव मिळाले म्हणून प्रतिष्ठा मिळाली असे झाले नाही. पुढे जवळजवळ शतकभर हे अस्तर म्हणजे पितळेच्या भांड्याला आतून केलेली कल्हई, रक्त कळकू नये एवढ्यापुरती, असाच विद्वानांचा समज होता.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर, १९५० नंतरच्या दशकात, जॉर्ज पालादे आणि त्याचे समकालीन ह्यांनी हे अस्तर प्रथमच नीट निरखून पाहिले, आणि ज्याला सर्वजण एक समजत आले होते ते अनेक निघाले. थर सर्वत्र एकाच पेशीच्या जाडीचा; त्याच्यावरून वाहणारे रक्तही सर्वत्र तेच, जे साधारण मिनिटाभरात साऱ्या देहाची फेरी पुरी करते; आणि तरीही अवयवागणिक त्याचा आचार निराळा. मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या गुच्छांत ह्या पेशींना सुमारे ७० नॅनोमीटर व्यासाची असंख्य छिद्रे असतात व त्यांवर पडदा नसतो. ह्या वाटेने दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो, आणि त्यांपैकी दीड लिटरच्या आसपास मूत्र होऊन बाकीचा सर्व देहाला परत मिळतो. आतड्यात व अंतःस्रावी ग्रंथींतही छिद्रे आहेत, पण तेथे प्रत्येक छिद्रावर एक पातळ पटल ताणलेले असते. यकृतात छिद्रे आणखी मोठी, आणि इतरत्र पेशींच्या पाठीशी जो आधारस्तर असतो तोही तेथे नसल्यासारखाच, त्यामुळे रक्तरस यकृताच्या पेशींना थेट जाऊन भिडतो. प्लीहेत शेजारच्या पेशींमधील फटी एका मायक्रॉनच्या आसपास रुंद असतात. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य संपत आलेली, ताठर झालेली तांबडी पेशी त्यांतून अंग चोरून निसटू शकत नाही, आणि तिचा निकाल तेथेच लागतो. अस्थिमज्जेत उलट नवजात रक्तपेशी ह्या अस्तरातून वाट काढून प्रवाहात उतरतात. लसीका ग्रंथींतील काही नीलिकांत तर ह्या पेशी चपट्या न राहता चांगल्या उंच उभ्या असतात, आणि रक्तातून जाणाऱ्या गर्दीतून लसीकापेशी नेमक्या ओळखून त्यांना आत घेतात.

मेंदूतील अस्तराचा बाणा ह्या सर्वांहून वेगळा. तेथे शेजारच्या दोन पेशींच्या कडा इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांना परवान्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. साखरेसाठी वाहक वेगळा, अमिनो आम्लांसाठी वेगळा. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत डोपामिनची उणीव असते, परंतु डोपामिन रक्तात सोडले तर ते दाराबाहेरच राहते. त्याचे पूर्वरूप लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लांच्या वाहकाबरोबर आत जाते आणि आत गेल्यावर डोपामिन होते. गंमत अशी की ह्याच मेंदूत, चौथ्या विवराच्या तळाशी, एक चिमुकला प्रदेश असा आहे की जेथील केशवाहिन्या सच्छिद्र आहेत. रक्तात विष आले की त्याची वर्दी तेथे लागते आणि मनुष्यास वांती होते. म्हणजे एकाच अवयवात, बोटभर अंतरावर, एकाच कुळीच्या पेशींपैकी काहींचा धर्म दार लावून घेण्याचा आणि काहींचा ते उघडे ठेवण्याचा आहे.

ह्या बंद दाराचा शोध कसा लागला ही हकिकत तत्त्वचिंतकांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. पाउल एर्लिख ह्याने १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचली, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. एर्लिखने निष्कर्ष काढला तो असा की मेंदूच्या द्रव्याला त्या रंगाचे आकर्षणच नाही. तो मेंदूचा स्वभाव आहे. त्याच्याच परिवारातील एड्विन गोल्डमन ह्याने १९१३ साली निळे रंगद्रव्य रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या द्रवात सोडले, आणि मेंदू निळा झाला, देह कोरा राहिला. मेंदूला रंगाचे वावडे नव्हतेच. मध्ये कोणीतरी उभे होते. ते कोण, हे रीस आणि कार्नोव्हस्की ह्यांनी १९६७ मध्ये उंदराच्या मेंदूत दाखवून दिले: केशवाहिन्यांचे अस्तर. एर्लिखसारख्या कुशाग्र पुरुषानेही स्वभाव ह्या कल्पनेचा उपयोग तपास थांबविण्यासाठी केला, ही गोष्ट माझ्या मते त्याच्या शोधाइतकीच बोधक आहे. आपल्या दर्शनांत स्वभाववाद्यांवर जो आक्षेप घेतला गेला तो नेमका हाच होता. काट्याला अणकुचीदारपणा कोणी दिला, असे विचारता ‘स्वभावाने’ म्हणणारा मनुष्य उत्तर देत नाही. तो प्रश्नाची बोळवण करतो.

मग अस्तराच्या ह्या भिन्न भिन्न आचारांचे कारण काय? श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगत्कारणाची चौकशी करताना काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा अशी नावे घेतली आहेत. पुढच्या दर्शनकारांनी तीच चौकशी कार्यकारणाच्या परिभाषेत चालविली. सांख्य म्हणेल, मेंदूतल्या पेशीचे मेंदूपण तिच्यात बीजरूपाने आधीपासूनच होते, ते तेथे केवळ व्यक्त झाले. नैयायिक म्हणेल, नव्हते. ते तेथे नव्याने उत्पन्न झाले. वेदान्ती स्फटिकाचा दृष्टांत देईल: जास्वंदीचे फूल शेजारी ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो, फूल उचलले की तो पूर्ववत् निर्मळ, तांबडेपणा स्फटिकाचा नव्हेच, तो उपाधीचा. तिन्ही पक्ष सुसंगत आहेत आणि नुसत्या वादाने त्यांचा निकाल लागणारा नाही, हे दोन हजार वर्षांच्या वादाने पुरेसे सिद्ध केले आहे.

परंतु पेशींच्या बाबतीत हा कज्जा प्रयोगाच्या कक्षेत येतो. निकोल ल दुआरें ह्या फ्रेंच विदुषीच्या १९६९ च्या सुमारास असे ध्यानात आले की लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक कोंबडीच्या पेशींच्या केंद्रकाहून सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळे ओळखता येते. म्हणून एकाच्या गर्भातील तुकडा दुसऱ्याच्या गर्भात लावला तर पुढे कोणती पेशी कोणाची, ह्याचा दस्तऐवज जणू प्रत्येक पेशी आपल्याबरोबर बाळगते. ह्याच युक्तीचा उपयोग करून स्ट्युअर्ट आणि वायली ह्यांनी १९८१ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याच्यापुढे मी तरी नेहमी थबकतो. त्यांनी लाव्याच्या तीन दिवसांच्या गर्भातील मेंदूचा, ज्यात अद्याप एकही रक्तवाहिनी शिरलेली नव्हती असा, तुकडा घेतला आणि तो कोंबडीच्या गर्भाच्या उदरगुहेत लावला. तेथील रक्तवाहिन्या, ज्यांना मेंदूचे दर्शन जन्मात घडावयाचे नव्हते, त्या ह्या परक्या तुकड्यात शिरल्या. आणि शिरल्यावर त्यांच्या अस्तराने कडा घट्ट सांधून घेतल्या व रंग बाहेर अडविला. उदरातील पेशी मेंदूच्या पहाऱ्यावर रुजू झाली. मग प्रयोग उलटा केला. उदराच्या बाजूचा तुकडा कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूत लावला, तेव्हा त्यात शिरलेल्या वाहिन्या गळक्या झाल्या.

येथे सुरुवातीचा साक्षीदार आपली जबानी फिरवितो असे कोणासही वाटेल. पेशीचा धर्म जन्माने नव्हे, स्थानाने व संगतीने ठरला. ज्या प्रांतात पाटीलकी, कुलकर्ण आणि महारकी ही पिढीजात वतने होती, आणि जेथे १९२८ साली डॉ. आंबेडकरांना त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारे विधेयक मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडावे लागले, तेथील वाचकाला ह्या प्रयोगातून काही वेगळेच ऐकू यावे, हे स्वाभाविक आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत, स्वधर्म आईप्रमाणे आपोआप लाभलेला असतो, तो निवडावयाचा नसतो, असा आशय मांडला आहे. त्यावरही ह्या प्रयोगाचे शस्त्र चालविण्याचा मोह होतो.

हा मोह आवरला पाहिजे, आणि तो सौजन्यासाठी नव्हे. संगतीने धर्म ठरतो असे देहाकडून वदवून घेणाऱ्याला, त्याच देहाच्या तोंडून, ज्या जागी पडलास त्या जागेच्या हुकुमात राहा, हेही ऐकावे लागेल. आणि ही शिकवण जन्मसिद्ध वतनापेक्षा मुळीच अधिक मोकळी नाही. पेशीला न्याय मागता येत नाही, नकार देता येत नाही, आणि ज्या पेशी शेजाऱ्यांचे हुकूम मोडून स्वैर वाढतात त्यांना आपण अर्बुद म्हणतो. मनुष्याच्या बंडाला अर्बुद म्हणणारे राज्यकर्ते इतिहासात थोडे नाहीत. देहाची साक्ष वर्णव्यवस्थेच्या बाजूने ग्राह्य नव्हती, तशी ती तिच्या विरुद्ध बाजूनेही ग्राह्य नाही. वतनाविरुद्धची फिर्याद मनुष्याच्या हक्कावर उभी होती आणि तिला लाव्याच्या मेंदूची गरज नव्हती. जो प्रश्न शिल्लक राहतो तो समाजाचा नसून धर्म ह्या कल्पनेचाच आहे: एखाद्या वस्तूचा म्हणून जो धर्म आपण सांगतो, तो राहतो कोठे?

वेदान्त्याच्या स्फटिकाची परीक्षा करणे ह्यापुढे सोपे आहे; फूल उचलून पाहावयाचे. अंतःस्तराच्या पेशी देहाबाहेर, काचेच्या तबकडीत, वाढविण्याची रीत १९७३ नंतर रूढ झाली, ती बहुधा नवजात बालकाच्या नाळेतील नीलेपासून. मेंदूच्या वाहिन्यांतील पेशी अशा तबकडीत एकट्या वाढविल्या की त्यांचा पहारा ढिला पडत जातो, आणि यकृतातील पेशींची छिद्रे थोड्याच काळात दिसेनाशी होतात. येथवर स्फटिक जिंकला. परंतु शरीराच्या निरनिराळ्या ठिकाणांहून आणून सारख्याच तबकड्यांत वाढविलेल्या पेशींची जनुके २००३ साली तपासली गेली, तेव्हा रोहिणीतली पेशी आणि नीलेतली पेशी, मोठ्या वाहिनीतली आणि केशवाहिनीतली, ह्या आपापल्या मूळ गावाच्या खुणा बऱ्याच अंशी सांभाळून होत्या असे आढळले. त्यापूर्वी १९९८ मध्ये उंदराच्या गर्भात असे दिसले होते की होणारी रोहिणी आणि होणारी नीला ह्यांच्या पेशींवर दोन वेगवेगळी प्रथिने अगदी आरंभापासूनच उमटलेली असतात. फूल उचलले तरी स्फटिकात तांबूस छटा रेंगाळत होती, आणि कोठे कोठे तर फूल येण्याआधीच ती होती.

वैशेषिकांपाशी ह्यासाठी दुसरा दृष्टांत आहे, आणि तो स्फटिकाइतका लोकप्रिय न झाल्याचे मला नवल वाटते. कच्चा घडा भट्टीत घातला की काळ्याचा तांबडा होतो, आणि भट्टीबाहेर काढला तरी तांबडाच राहतो. अग्नीच्या संयोगाने आलेला हा गुण, ज्याला ते पाकज म्हणतात, उपाधीने भासलेला नाही, तो घड्याचा झालेला आहे. पाक अणूंचा होतो की अख्ख्या घड्याचा, ह्यावर वैशेषिक आणि नैयायिक पुढे पुष्कळ भांडले. ते भांडण येथे सोडून देऊ. देहातील पेशी ह्या दोन दृष्टांतांच्या मध्ये कोठेतरी उभी आहे, आणि नेमकी कोठे, हे पाहण्यास शल्यवैद्यांनी, तसा हेतू नसताना, एक उत्तम संधी उपलब्ध करून दिली आहे.

रेने फाव्हालोरो ह्या अर्जेंटिनाच्या शल्यवैद्याने १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे, हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालण्यासाठी रोग्याच्याच पायातील नीलेचा तुकडा वापरण्यास आरंभ केला. आज ज्याला घरोघर बायपास म्हणतात ती हीच शस्त्रक्रिया. जन्मभर मंद गतीचे, कमी दाबाचे रक्त पाहिलेल्या नीलेवर एकाएकी रोहिणीचे काम येऊन पडते. ती ते करते. तिची भिंत जाड होते, दाब सोसते, आणि मनुष्य उठून घरी जातो. परंतु दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या नीला बंद पडतात. छातीतली रोहिणी त्याच कामावर लावली तर ती पुष्कळच अधिक टिकते. परधर्म भयावह असतो ह्याचा हा ढळढळीत पुरावा, असे एखादा जुन्या वळणाचा शास्त्री येथे आनंदाने म्हणेल. त्याला एवढेच सांगावयाचे की त्या दहा वर्षांत नातवंडांची लग्ने पाहिलेल्या आजोबांनाही तोच प्रश्न विचारावा. मला ह्यातील खरा मर्माचा भाग वाटतो तो निराळा, आणि तो २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. जागा बदललेल्या ह्या नीलेवरची नीलेची खूण कालांतराने मावळते, पण रोहिणीची खूण तिच्यावर उमटत नाही. ती जुनी राहिली नाही आणि नवी झाली नाही. सांख्याच्या मते जे बीजरूपाने होते ते नाहीसे होऊ नये, वेदान्त्याच्या मते नव्या फुलाचा रंग दिसावा, आणि ज्या वैशेषिकांनी प्रत्येक वस्तूला जाति नेमून दिली त्यांच्या वहीत तर हिच्यासाठी रकानाच नाही. गर्भातल्या पेशीने जे सहज केले ते साठ वर्षांच्या पेशीला अर्धेच साधते; आणि तरीही ती रक्त वाहून नेते.

वयाने पक्की झालेली पेशी मग एकदाच भाजलेल्या घड्यासारखी आपल्या जागी स्थिर बसते काय? मूत्रपिंड ह्याला नाही म्हणते. तेथील सच्छिद्र अस्तराच्या पाठीस लागून दुसऱ्या प्रकारच्या, पायांसारखे फाटे असलेल्या पेशी असतात, आणि त्या एक प्रथिन अखंड स्रवत असतात. त्या प्रथिनाचा निरोप पोहोचत राहतो तोवरच अस्तर आपली छिद्रे राखते. कर्करोगाची गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ह्याच प्रथिनाच्या बळावर ओढून घेते, म्हणून त्याला अडविणारे बेव्हासिझुमाबसारखे औषध रोग्याला दिले जाते. आणि ते दिले की काही रोग्यांच्या मूत्रपिंडातील निरोपही तुटतो, पन्नास-साठ वर्षे बिनतक्रार गाळणारे अस्तर सुजते, छिद्रे हरवते. अशा अस्तराचा धर्म पेशीत होता असे म्हणवत नाही, शेजाऱ्यात होता असेही म्हणवत नाही. तो दोघांच्या मधल्या व्यवहारात होता आणि रोज नव्याने होत होता. बौद्धांना हे ऐकून समाधान वाटेल, कारण परस्परांच्या आश्रयाने उत्पन्न होणे ह्यापलीकडे वस्तूला स्वतःचे असे काही नाही, हेच तर त्यांचे म्हणणे. परंतु रोहिणीची आणि नीलेची जी खूण तबकडीतही पुसली गेली नाही, तिचा हिशेब त्यांनाही द्यावा लागेल. वैशेषिकांचा अग्नी मला अजूनही अधिक जवळचा वाटतो, एवढ्या दुरुस्तीसह की ही भट्टी आयुष्यभर पेटलेली राहिली पाहिजे. ती विझू लागल्याची पहिली वर्दी रक्तातील प्रथिने मूत्रात उतरू लागली की मिळते, आणि म्हणून हे औषध चालू असताना वैद्य रोग्याच्या मूत्राची तपासणी वेळोवेळी करून पाहतात.